तारेखाली काय आहे?

रे रोड स्टेशनवर मान वर केली की लोकलच्या डोक्यावरची तार दिसते. 1910 मध्ये हार्बर लाइन कुर्ल्याहून इथपर्यंतच आली होती. पुढे ती व्हीटीला जोडली गेली आणि 3 फेब्रुवारी 1925 ला देशातली पहिली विजेची गाडी याच मार्गाने, व्हीटी ते कुर्ला, धावली. तेव्हा 1500 व्होल्ट डीसी, 2016 पासून 25 हजार व्होल्ट एसी. कधीमधी वर ठिणगी उडते, आपण ढुंकूनही बघत नाही. बरोबरच आहे. खाली खडी आहे, जळणार काय?

आता हीच ठिणगी कोल्हापूर-सांगलीकडे न्या. जानेवारी-फेब्रुवारीचे दिवस, तोडणीला आलेला ऊस, बुडाशी वाळलेलं पाचट आणि वर झोल आलेल्या उघड्या तारा. वारा सुटला, दोन तारा एकमेकींना लागल्या की वितळलेल्या धातूचे कण खाली पडतात. झालं! बघता बघता शेजारचे फडही पेटतात.

गंमत (कसली गंमत म्हणा) अशी की ऊस अगदीच राख होत नाही. पाला जळतो, कांडी उरते. पण ती लगेच गाळली नाही तर वजन आणि साखर दोन्ही उतरतात. म्हणजे तोडीसाठी कारखान्याच्या हातापाया पडा, वर 'जळीत ऊस' म्हणून भावात कपात सोसा. ठिबकच्या नळ्या वितळल्या त्या वेगळ्याच.

मग भरपाई. तलाठ्याचा पंचनामा, विद्युत निरीक्षकाचा अहवाल, हेलपाटे. तुटलेल्या तारेने झालेल्या एका मृत्यूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली सांगितलं की हलगर्जीपणा नसला तरी वीज मंडळ जबाबदार. त्यामागचं तत्त्व 1868 च्या एका इंग्रजी निकालातलं. तिथे वीज नव्हतीच, तलावाचं पाणी शेजारच्या खाणीत शिरलं होतं! पण ठिणगी तारेचीच कशावरून, बिडीची कशावरून नाही, हे शेतकऱ्यालाच दाखवावं लागतं. पुरावा तर जळालेला.

ऑस्ट्रेलियात 7 फेब्रुवारी 2009 ला किलमोर ईस्ट इथे जुनी तार तुटून वणवा पेटला, 119 माणसं गेली. तिथले लोक एकत्र कोर्टात गेले आणि 2014 मध्ये सुमारे 49 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची तडजोड झाली. आपल्याकडे अर्ध्या एकरवाला एकटाच खेटे घालतो.

मुंबई शहरात बेस्टची वीज जमिनीखालच्या केबलने येते. केबल तारेपेक्षा कितीतरी महाग, पण गिरगावातल्या एका चाळीत पन्नास मीटर असतात. उसाच्या रानात एवढ्या लांबीला एखादा पंप. त्यामुळे तिथे केबल लगेच टाका असं मी म्हणणार नाही, हिशेब बसत नाही. मात्र त्या हिशेबात जळालेला फड कुठेच धरलेला नसतो, हे मला खटकतं. झोल ओढून घेणं आणि तारांमध्ये स्पेसर बसवणं हे केबलच्या मानाने किरकोळ काम आहे. फक्त ते दिवाळीच्या आत, गाळप सुरू होण्याआधी व्हायला हवं.