नऊ आकड्यांचं कूळ

लिनक्सच्या संगणकाला शेजारीशेजारी दोन मॉनिटर जोडले आणि त्यातला उजवा टचस्क्रीन असला, की घोटाळा ठरलेला. बोट टेकवावं उजव्या काचेच्या डाव्या कडेला, आणि बाण जातो शेजारच्या मॉनिटरवर. १९८४ साली एमआयटीत जन्मलेली ‘एक्स’ ही पडदाव्यवस्था दोन्ही मॉनिटर मिळून एकच सलग पट धरते. टचस्क्रीनला मात्र फक्त स्वतःची काच ठाऊक. तिची मापं मग अख्ख्या पटावर ताणली जातात.

तोडगा ‘एक्सइनपुट’ या आज्ञेतून द्यायचा, आणि तो नऊ आकड्यांचा असतो. सारख्या मापाच्या दोन मॉनिटरांतल्या उजव्यासाठी ते असे: ०.५ ० ०.५, ० १ ०, ० ० १. पहिला अर्धा रुंदी निम्मी करतो, दुसरा स्पर्शाला पटाच्या मध्यापलीकडे सरकवतो. बहुतेक जण हे आकडे कुठून तरी उतरवून घेतात आणि टच चालला की विसरतात. पण शेवटचे ० ० १ तर काहीच करताना दिसत नाहीत. मग ते आलेच कशाला?

ताणणं, फिरवणं, उलटवणं ही कामं चार आकड्यांच्या मॅट्रिक्सने, म्हणजे आकड्यांच्या चौकोनी मांडणीने, भागतात. सरकवणं भागत नाही, कारण शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच. आरंभीचा कोपरा जागचा हलत नाही. तिथे बेरीज लागते. बेरीजही गुणाकारातच उरकायची, तर बिंदूला तिसरा आकडा हवा. इथे तो १ असतो, आणि शेवटचे ० ० १ तो तसाच राखतात.

हा तिसरा आकडा दिला लाइपझिगच्या वेधशाळेतल्या ऑगस्ट मोबियसने, १८२७ साली. एका पिळाच्या पट्टीमुळे ज्याचं नाव घरोघर पोचलं, तोच हा. त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर वजनं ठेवा. वजनं बदलाल तसा गुरुत्वमध्य सरकेल. म्हणजे प्रतलातला बिंदू तीन वजनांनी सांगता येतो. माझ्या मते पट्टीपेक्षा ही कल्पना कितीतरी मोठी.

१९६५ च्या सुमारास एमआयटीच्याच लिंकन प्रयोगशाळेत लॉरेन्स रॉबर्ट्सने ती संगणकचित्रांत आणली: फिरवणं, सरकवणं, यथार्थदर्शन, सगळं एकाच मॅट्रिक्समध्ये. पुढे हाच रॉबर्ट्स इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटच्या उभारणीत गेला. चित्रांसाठी रुजलेली ही रीत एक्सने बोटाच्या स्पर्शालाही लावली.

आता मॉनिटरचं नाव दिलं की एक्सइनपुट हे आकडे स्वतःच काढतं. एक्सच्या जागी आलेल्या वेलँडवर तर कुठली काच कुठल्या मॉनिटरची, हे डेस्कटॉपच ठरवतो. तिथली ‘लिबइनपुट’ ही लायब्ररी यात फक्त काचेची मापं दुरुस्त करते, आणि त्यासाठी सहाच आकडे मागते. शेवटची ओळ ० ० १ च असणार, हे ती गृहीत धरते.