‘बिलाबाँग’ शब्दाची व्युत्पत्ति

ऑस्ट्रेलियांत नदीच्या मुख्य प्रवाहापासून तुटलेलें, पुरांत भरणारें व अवर्षणांत आटणारें जें पात्र, त्यास ‘बिलाबाँग’ म्हणतात. आपल्या भूगोलाच्या पुस्तकांतील नालाकृति सरोवर तें पुष्कळदां हेंच. पॅटर्सन याच्या १८९५ सालच्या ‘वॉल्ट्झिंग माटिल्डा’ या गीतानें हा शब्द जगभर नेला. त्याचा अर्थ मात्र ‘मृत नदी’ असा देण्याचा प्रघात आहे. तो आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

शब्द न्यू साउथ वेल्समधील विराजुरी लोकांच्या भाषेंतला, याविषयीं वाद नाहीं. मूळ उच्चार ‘बिलाबङ्’. पैकीं ‘बिला’ म्हणजे नदी, हेंही निश्चित. घोटाळा सर्व ‘बङ्’चा आहे. ‘मृत’ या अर्थाचा ‘बङ्’ शब्द खरोखर आहे. पण तो यागरा भाषेंतला, शेंकडो मैल दूर ब्रिस्बेनच्या परिसरांतला. १८२४ सालीं रेडक्लिफ येथें बसविलेली बंदिवानांची वसाहत १८२५ त ब्रिस्बेन नदीकांठीं हलविली. मागें ओस पडलेल्या झोंपड्यांस तेथील लोक ‘मेलेलीं घरें’ म्हणूं लागले, व त्यावरून त्या जागेस ‘हंपीबाँग’ नांव पडलें. हाच शब्द पुढें गोऱ्यांच्या बोलींत शिरला. दिवाळें निघालेली पेढी ‘बङ्’ झाली असें तिकडे म्हणत. तेव्हां ओळखीचा ‘बङ्’ ‘बिलाबङ्’मध्यें दिसतांच त्याचा तोच अर्थ लावला गेला असावा. एका भाषेंतील नदी घेऊन तिला दुसऱ्या भाषेंतील मरण जोडणें, ही व्युत्पत्ति नव्हे. आपल्याकडील ग्रामनामांचे असे विग्रह करणाऱ्यांनींही हें उदाहरण जवळ ठेवावें.

याहून बळकट पुरावा नदीचाच आहे. १८३० नंतरच्या दशकांत हा शब्द इंग्रजी लिखाणांत प्रथम येतो तो बेल नदीचें देशी नांव म्हणून. ही नदी बारमाही आहे, व वेलिंग्टन गांवाजवळ मॅक्वारी नदीस मिळते. वाहत्या नदीस तिच्याच कांठचे लोक ‘मृत’ कां म्हणतील? बिलाबाँग याच नांवाचा एक ओढाही शेंकडो मैल वाहत जाऊन मूलामीन येथें एडवर्ड नदीस मिळतो.

विराजुरींतील ‘बङ्’ हा प्रत्यय आहे. त्याच्या अर्थाविषयीं विद्वानांत मतभेद असले, तरी तो स्थलकालांतील सातत्य दाखवितो किंवा मूळ शब्दास जोर आणितो, असा कल दिसतो. आणि सबंध शब्दाचा अर्थ, पाऊस पडला म्हणजे वाहणारा प्रवाह, असा करितात. असें पात्र कोरडें पडलें तरी पुढल्या पुराबरोबर पुन्हां वाहूं लागतें.