‘ब्लॅक प्रिन्स’: एका मालगाडीच्या इंजिनाची कारकीर्द

‘ब्लॅक प्रिन्स’ हे वाफेचे इंजिन एप्रिल १९५९ मध्ये इंग्लंडमधल्या स्विंडनच्या कारखान्यातून बाहेर पडले, तेव्हा त्याला नाव नव्हते, नुसता क्रमांक होता: ९२२०३. ते ब्रिटिश रेल्वेच्या ‘९एफ’ वर्गातले. रॉबर्ट रिडल्स यांच्या देखरेखीखाली आखलेली अशी २५१ इंजिने १९५४ ते १९६० या काळात बांधली गेली.

कोळशाच्या आणि खनिजाच्या अवजड गाड्या ओढायच्या, म्हणून या इंजिनांना पाच फूट व्यासाची, एकमेकांना जोडलेली दहा चाके दिली. वजन विभागले गेल्याने रुळांना ते झेपे आणि पकडही घट्ट मिळे. मात्र पाच जोड्या एका ओळीत आल्या की वळणावर अडणार. त्यामुळे मधल्या जोडीच्या चाकांना कडाच ठेवली नाही.

बांधणी उत्तम होती, वेळ मात्र चुकली. वाफ सोडून डिझेल आणि विजेकडे वळण्याचा आराखडा १९५५ सालीच जाहीर झाला होता, तरी नवी इंजिने येतच राहिली. कित्येक दशके चालू शकणाऱ्या ९२२०३ ला रेल्वेच्या नोकरीत साडेआठ वर्षेच मिळाली. अखेरच्या दिवसांत ते लिव्हरपूलसमोरच्या बिडस्टन गोदीतून शॉटनच्या पोलाद कारखान्याकडे लोहखनिज नेत असे. या मार्गावरची वाफेची शेवटची खनिजगाडी नोव्हेंबर १९६७ मध्ये त्यानेच ओढली आणि त्याच महिन्यात ते सेवेतून निघाले.

भंगारातून ते वाचले ते हत्तींच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेले चित्रकार डेव्हिड शेफर्ड यांच्यामुळे. चित्रविक्रीच्या पैशांतून त्यांनी ते विकत घेतले आणि ‘ब्लॅक प्रिन्स’ हे नावही त्यांनीच दिले. याच वर्गातले ‘ईव्हनिंग स्टार’ हे ब्रिटिश रेल्वेने बांधलेले शेवटचे वाफेचे इंजिन म्हणून अधिक गाजले. पण हिरव्या रंगाने नटलेले ते इंजिन प्रवासी गाड्यांमुळेच जास्त लक्षात राहिले. मालगाडीच्या इंजिनाचे आयुष्य समजून घ्यायचे तर काळे ९२२०३ च पाहावे.

शेफर्ड यांनी सॉमरसेटमधल्या क्रॅनमोर येथे ईस्ट सॉमरसेट रेल्वे उभी केली आणि इंजिन तिथे नांदले. जवळच्या मियरहेड दगडखाणीत १९८२ साली त्याने २,१७८ टनांची गाडी ओढली. ब्रिटनमध्ये वाफेच्या इंजिनाने ओढलेली ही सर्वांत जड गाडी मानली जाते.