गोळ्या तीन, मुक्काम लांबचा

गेल्या आठवड्यात ताप आणि खोकल्याने चांगलाच आडवा झालो होतो. डॉक्टरांनी अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या लिहून दिल्या. रोज एक, तीन दिवस, बस्स. मी विचारलं, "बाकीची अँटिबायोटिक्स पाच-सात दिवस घ्यायला लावता, मग हिच्या तीनच का?" ते हसून म्हणाले, "अहो, ती आत जाऊन बसते."

आत म्हणजे कुठे? पडल्यापडल्या तेच डोक्यात घोळत राहिलं आणि आमचे अण्णा आठवले.

अण्णा म्हणजे वडिलांचे काका. तरुणपणी त्यांना टीबी झाला होता. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं आणि आयएनएचच्या गोळ्या घेऊन ते खडखडीत बरे झाले, ऐंशीच्या वर जगले. पण दिवे गेले की त्यांना एक पाऊल टाकता यायचं नाही. कानातलं तोल सांभाळणारं यंत्र त्या इंजेक्शनांनी कायमचं बिघडवलं होतं. भिंतीला हात लावून ते उभे असायचे, आणि आम्ही पोरं मेणबत्ती घेऊन धावायचो.

आता थोडं मागे जाऊ या. १८८२ साली इटलीतल्या मेसिना गावात मेचनिकॉफ नावाचा रशियन प्राणिशास्त्रज्ञ एकटाच घरी होता. बाकी घर सर्कस बघायला गेलेलं. त्याने ताऱ्यामाशाच्या पारदर्शक अळ्यांमध्ये गुलाबाचे काटे खुपसले. सकाळी पाहतो तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा! परक्या वस्तूला घेरणाऱ्या, जंतूंना गिळणाऱ्या पेशी त्याला सापडल्या होत्या. पुढे १९०८ साली त्याला नोबेल मिळालं, आणि पांढऱ्या पेशी म्हणजे शरीरातले शिपाई ही कल्पना शाळेच्या पुस्तकापर्यंत पोचली.

पण शिपायाने चोर पकडून स्वतःच्याच घरात कोंडला आणि चोर तिथे मजेत राहू लागला तर? १९१६ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राऊस आणि जोन्स यांनी नेमकं हेच दाखवलं. जिवंत पेशीने गिळलेले जंतू बाहेरच्या विषारी द्रव्यांपासून चक्क सुरक्षित राहतात. पेशी मेली की ते संरक्षण जातं. तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हतीच, त्यामुळे या गोष्टीची खरी किंमत कळायला तीसेक वर्षं जावी लागली.

१९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. काचेच्या नळीत ते टीबीच्या जंतूंना झटपट मारायचं. पण टीबीचा जंतू आपल्या मॅक्रोफेज पेशींच्या पोटात राहतो, तिथेच वाढतो. १९५२ च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये मॅकॅनेस या ऑस्ट्रेलियन संशोधकाने जंतू पोटात असलेल्या अशा पेशी वाढवून त्यांच्यावर औषधं तपासली. आतल्या जंतूंवर स्ट्रेप्टोमायसिन फारच दुबळं ठरलं. रेणू मोठा, विद्युतभारित. पेशीच्या तेलकट आवरणातून त्याला सहज जाता येत नाही. त्याच वर्षी आलेलं आयसोनियाझिड, म्हणजे अण्णांच्या गोळ्यांतलं आयएनएच, इवलासा रेणू. ते बिनधास्त आत शिरायचं.

पायराझिनामाइडची गंमत तर आणखी वेगळी. साध्या बशीत ते जवळजवळ काहीच करत नाही, त्याला आंबट परिसर लागतो. थेट उंदरांवर तपासलं म्हणून ते हाती लागलं, नाहीतर निकालात निघालं असतं.

आणि ज्याला मॅक्रोफेजचं दार उघडत नव्हतं, ते स्ट्रेप्टोमायसिन आतल्या कानाच्या केसासारख्या पेशींत मात्र शिरत होतं. या पेशींना हालचाल जाणवली की त्यांच्यातल्या बारीक वाटा उघडतात, आणि त्या वाटांनी औषध आत. जिथे जायला हवं तिथे नाही, नको तिथे मात्र हमखास. अण्णांचा तोल असा गेला.

'आत' या शब्दाचा खरा उलगडा बेल्जियममध्ये झाला. क्रिस्तियन द दूव यांनी १९५५ साली पेशीतली लायसोसोम नावाची आम्लाने भरलेली पिशवी जगापुढे आणली. हे पेशीचं पोटच म्हणा ना. १९७४ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांडलं की सौम्य अल्कली गुणाचे रेणू आवरणातून आरामात आत येतात, पण या आम्लात शिरले की त्यांच्यावर भार चढतो आणि मग परत निघता येत नाही. उंदीर पिंजऱ्यात शिरावा तसं. एकामागून एक रेणू येत राहतात, अडकत राहतात.

साधारण १९८० साली झाग्रेबच्या प्लिव्हा कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी एरिथ्रोमायसिनच्या कड्यात एक नायट्रोजन घुसवला. झालं अझिथ्रोमायसिन. आता त्यात अल्कली गुणाच्या दोन जागा, म्हणजे अडकायला दुप्पट सोय. पांढऱ्या पेशींत ते रक्ताच्या कित्येक पटींनी, कधी शेकडो पटींनी साठतं. शिवाय या पेशी संसर्गाच्या जागी आपण होऊन धावतात, म्हणजे औषधाची पोच घरपोच!

टायफॉइडमध्ये याचा कस लागला. तोही जंतू मॅक्रोफेजमध्ये लपणारा. जेंटामायसिन बशीत त्याला मारतं, रोग्याला मात्र बरं करत नाही. उलट अझिथ्रोमायसिनचं रक्तातलं प्रमाण इतकं कमी असतं की कागदावर ते चालूच नये. पण चालतं. २०१६ पासून पाकिस्तानात सिंधमध्ये बहुतेक औषधांना दाद न देणारा टायफॉइड पसरला, तेव्हा तोंडावाटे द्यायला हीच एक गोळी भरवशाची उरली.

अर्थात आत साठलं म्हणजे काम झालंच असं नाही. आम्लात अझिथ्रोमायसिनचा स्वतःचाही जोर कमी होतो. जंतू वेगळ्याच कप्प्यात बसला असेल तर साठा शेजारच्या खोलीत पडून राहतो. आणि रेंगाळणाऱ्या औषधाची दुसरी बाजू अशी, की शेवटी शेवटी प्रमाण इतकं उतरतं की जंतू मरत नाहीत, सरावतात.

असो. माझी शेवटची गोळी शुक्रवारी संपली. आज मंगळवार. ताप नाही, खोकला थोडा आहे. पाकीट केव्हाच कचऱ्यात गेलं, औषध मात्र अजून पांढऱ्या पेशींतून हिंडतंय.