मानसोपचार समाजकार्य (पदव्युत्तर शिक्षण)

मनोरुग्ण, त्याचे कुटुंब आणि त्याची वस्ती यांच्यासोबत काम करणारी समाजकार्याची शाखा. निदान आणि औषधे मानसोपचारतज्ज्ञाकडे, मानसशास्त्रीय चाचण्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे. रुग्ण घरी परतल्यावर गोळ्या वेळेवर कोण देणार, मालक त्याला कामावर पुन्हा घेईल का, ही सारी उठाठेव मात्र या शाखेकडे येते.

या शिक्षणाला रूप आले ते पहिल्या महायुद्धात. बॉस्टनच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या मेरी जॅरेट यांच्या पुढाकाराने १९१८ साली स्मिथ कॉलेजात प्रशिक्षण सुरू झाले. रणांगणावरून मनाने खचून परतलेल्या सैनिकांसाठी तातडीने माणसे हवी होती.

भारतात ही वाट मुंबईच्या नागपाड्यातून गेली. क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या संचालकत्वाखाली १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय उघडले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. पुढच्याच वर्षी संस्थेने बालमार्गदर्शन केंद्र काढले. डॉक्टरी पदवीशिवाय मनाच्या आजारात हात घालणारे हे विद्यार्थी म्हणजे त्या काळी नवलच! बंगळूरची निमहान्स आणि रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था ही पुढची मोठी केंद्रे.

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातील पदव्युत्तर शिक्षण, दोन वर्षांचे असते. त्याचा खरा कस लागतो क्षेत्रकार्यात. विद्यार्थी रुग्णाचा वंशालेख काढतो : पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, मृत व्यक्तीवर फुली. एखाद्या चौकोनापाशी दारू, एखाद्या वर्तुळापाशी आत्महत्या अशी नोंद होते आणि ‘घरात कुणालाच काही नव्हते’ हे नातेवाइकांचे पहिले उत्तर कागदावरच डळमळते. मग गृहभेट. रुग्णाचे अंथरूण कुठे घालतात, त्याला ताट कोण वाढते, हे दवाखान्यातल्या टेबलापलीकडून कळत नाही. संध्याकाळी अहवाल लिहायचा आणि पर्यवेक्षकाचे शेरे झेलायचे. वर्गातल्या व्याख्यानांपेक्षा हे शेरेच विद्यार्थ्याला अधिक घडवतात.

एवढ्यावर मात्र कायदेशीर ओळख मिळत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मानसोपचार समाजकार्यकर्ता व्हायला समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी आणि त्यावर देखरेखीखालील चिकित्सालयीन प्रशिक्षणासह दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. लागते. गंमत अशी, की २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने एम.फिल.च मोडीत काढले. एका हाताने अट घालायची आणि दुसऱ्या हाताने ती पुरी करण्याची सोय काढून घ्यायची, असा हा कारभार. शेवटी विद्यापीठ अनुदान आयोगाला या विषयाच्या आणि चिकित्सा मानसशास्त्राच्या एम.फिल.ला २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ द्यावी लागली.

प्रश्न नुसता कागदोपत्री नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे आढळले. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या चमूत मानसोपचार समाजकार्यकर्त्याचे पद धरलेले असते. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. बरे होऊनही घरच्यांनी परत न नेलेल्या रुग्णांचा पत्ता शोधणे, गावी पत्र धाडणे, भावाला नाहीतर मुलाला राजी करणे, हे तिथल्या समाजसेवा अधीक्षकाचे रोजचे काम.