पंखा फिरतोय, पडदा काळा: १९८१ पासूनचा एक घोळ

मागच्या महिन्यात मी कॉम्प्युटरला नवा मदरबोर्ड आणि नवा प्रोसेसर टाकला. ग्राफिक्स कार्ड जुनंच ठेवलं, २०११ च्या सुमाराचं. नव्याचे पैसे नव्हते, सरळ गोष्ट आहे. बटण दाबलं, पंखे फिरले, आणि मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. केबल कार्डाच्याच पोर्टमध्ये होती (ही चूक मी आधी एकदा केलेली आहे). रॅम काढून परत बसवली, पॉवरची वायर दोनदा तपासली. काही नाही. दुकानात नेलं तर काउंटरवरचे दादा म्हणाले, “कार्ड गेलंय. भंगारात दोनशे देतो.”

पण हेच कार्ड आदल्या रात्रीपर्यंत जुन्या बोर्डावर छान चालत होतं! म्हणून खोदायला बसलो, आणि थेट १९८१ मध्ये पोचलो.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला. त्यासाठी डिस्प्ले कार्डं दोन: एमडीए, म्हणजे नुसती अक्षरं, आणि सीजीए, म्हणजे रंग. ती चालवायचा प्रोग्रॅम कार्डात नव्हता, मदरबोर्डावरच्या बायॉसमध्ये होता. कुठलं कार्ड बसवलंय ते बोर्डावरचे बारीक स्विच हलवून आपणच सांगायचं. व्हिडिओत गडबड असली की स्पीकर एक लांब, दोन आखूड बीप द्यायचा. पडदाच बंद, तर मशीन बिचारं दुसरं काय करणार?

१९८४ मध्ये ईजीए कार्ड आलं. बोर्डावरच्या बायॉसला ते चालवता येत नव्हतं, म्हणून कार्डावरच रॉम चिप दिली. कार्ड आपला प्रोग्रॅम सोबत घेऊन येणार! बायॉसनं फक्त सुरू होताना मेमरीच्या ठरलेल्या भागात ‘५५ एए’ ही खूण शोधायची आणि तिथला प्रोग्रॅम चालवायचा. आता गंमत बघा. अगदी पहिल्या पीसींच्या बायॉसला हे शोधणंच येत नव्हतं. ते ऑक्टोबर १९८२ च्या बायॉसपासून आलं. त्याआधीच्या पीसीत ईजीए टाकायचं तर बायॉसची चिप बदलावी लागायची. कार्ड ठणठणीत, पण बोर्ड त्याचं ऐकूनच घेत नाही.

१९८७ मध्ये व्हीजीए आलं, पण कार्डावर रॉम ही पद्धत तीच राहिली. (आजच्या बोर्डावर डिस्प्लेची तक्रार दाखवणाऱ्या छोट्या दिव्याशेजारी अजूनही ‘व्हीजीए’च लिहिलेलं असतं.) मग बायॉसच्या जागी यूईएफआय आलं. त्याला कार्डाकडून वेगळ्या प्रकारचा प्रोग्रॅम लागतो, त्याचं नाव जीओपी. जुन्या कार्डांसाठी सीएसएम नावाची सोय ठेवली होती. २०१२ च्या विंडोज ८ नंतर बाजार यूईएफआयकडे सरकला, आणि आता कित्येक बोर्डांवर सीएसएम मुळातच बंद असतं.

माझं दुखणं हेच. माझ्या कार्डात जीओपी नाही, बोर्डात सीएसएम बंद. १९८४ चाच घोळ, फक्त उलटा: तेव्हा बोर्ड जुना होता, आता कार्ड. आणि सीएसएम चालू करायचं तर पडदा दिसायला हवा! प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही. किल्ली घरात विसरून दार ओढून घेतल्यासारखं झालं.

शेवटी मित्राचं नवं कार्ड तासाभरासाठी मागून आणलं. डिलीट दाबून सेटअपमध्ये गेलो, सीएसएम चालू केलं, सेव्ह केलं. मशीन बंद करून, प्लग काढून माझं कार्ड परत बसवलं. दोनेक सेकंद अंधार, मग बोर्डाचा लोगो.

एक सांगून ठेवतो. गेमसाठी ‘रिसायझेबल बार’ चालू करायला गेलात तर त्याला सीएसएम बंद लागतं. कार्ड माझ्याइतकं जुनं असेल, तर त्या सेटिंगला हात लावण्याआधी जीओपीवालं एखादं कार्ड कुणाकडून मिळेल ते आधी विचारून ठेवा.