घोडनदीकाठचे कोठार आणि गावची शाळा



मंडळाच्या वार्षिक सभेत यंदा एक प्रश्न निघाला आणि तो अनिर्णीत राहिला. साठलेल्या निधीतून मंगल कार्यालय बांधावे की तो शिक्षणाकडे लावावा, आणि शिक्षणाकडे लावावयाचा तर केवळ आपल्या ज्ञातीच्या मुलांसाठी की गावच्या शाळेसाठी? दोन्ही बाजूंनी जिव्हाळ्याने बोलले गेले. या प्रश्नाचे उत्तर आपल्याच प्रदेशाच्या इतिहासात काही अंशी सापडेल असे आम्हांस वाटते. म्हणून हा अल्प प्रयत्न.

आपणांपैकी बहुतेकांची मूळ घरे शिरूर आणि दौंड या तालुक्यांत आहेत. जुनी माणसे शिरूर गावास अद्याप घोडनदी असेच म्हणतात. त्याच घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. तेथील पांढरीच्या टेकाडांवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने 1968 पासून 1983 पर्यंत उत्खनन केले. डॉ. हसमुख सांकलिया, डॉ. मधुकर ढवळीकर आणि डॉ. झैनुद्दीन अन्सारी ही नावे या कार्याशी कायमची जोडली गेली आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 पासून 700 पर्यंत, म्हणजे नऊशे वर्षे, येथे शेतकऱ्यांची वस्ती नांदत होती. कुडाच्या भिंतींची घरे, बाजरीपूर्व काळातील जव आणि कडधान्ये, रंगीत भांडी, तांब्याची थोडी हत्यारे असा त्यांचा संसार होता. पाच खोल्यांचे एक मोठे घर सापडले आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार. ते घर गावाच्या प्रमुखाचे असावे, आणि कोठार साऱ्या गावाचे, असे ढवळीकरांनी अनुमान केले. नदीच्या पुराचे पाणी वळविण्यासाठी बांधलेला बंधारा व खणलेला पाटही तेथे मिळाला. असा पाट एका कुटुंबास खणता येत नाही. गाव एकत्र आल्यावाचून ते काम होणे नाही.

आणखी एक गोष्ट मन हेलावून सोडते. लहान मूल दगावले की ते लोक त्यास दोन मडक्यांत, तोंडास तोंड लावून, राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरीत. मेलेल्या लेकरासही घराबाहेर ठेवणे त्यांच्या जिवावर येई. पुढे इसवी सनापूर्वी 1000 च्या सुमारास पाऊसमान बिघडत गेले, चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, वस्ती गरीब होत गेली आणि अखेर उठून गेली. कोठार रिते झाले, पाट बुजला. त्या लोकांस लिपी नव्हती. म्हणून नऊशे वर्षांत तेथे जगून गेलेल्या एकाही स्त्रीपुरुषाचे नाव आज कोणास सांगता येत नाही. धान्य साठविले तर ते काही वर्षे पुरते. विद्या मात्र पुढच्या हाती दिली तरच टिकते, हा धडा त्या मातीने आम्हांस दिला.

आता अलीकडे यावे. मुंबई इलाख्यात 1860 नंतरच्या दशकात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसविण्यात आला आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांकडे जाऊ लागला. म्हणजे खेड्यातली पहिली सरकारी शाळा ही सरकारची कृपा नव्हती. तिची किंमत कुणब्याने आपल्या आण्यातून मोजली होती. तरीही त्याचाच मुलगा शाळेबाहेर राहिला. महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे हेच गाऱ्हाणे मांडले: महसूल रयतेच्या घामाचा, आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी त्यांची मागणी होती.

ती मागणी आपल्या राज्यात अमलात आणण्याचे धैर्य कोल्हापूरच्या राजर्षी शाहू छत्रपतींनी दाखविले. ज्ञातिसंस्थांना त्यांचे ऋण विशेष आहे. 1901 साली त्यांच्या आश्रयाने व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि पाठोपाठ जैन, मुसलमान, लिंगायत व इतर समाजांची वसतिगृहे कोल्हापुरात उभी राहिली. आपल्यासारख्या मंडळांच्या विद्यार्थिगृहांची प्रेरणा तेथलीच होय. परंतु महाराज तेथे थांबले नाहीत, ही गोष्ट आपण बहुधा विसरतो. 1917 साली त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांस सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. वसतिगृह ज्ञातीचे असेल, पण शाळा सर्वांची असली पाहिजे, असा त्यांचा क्रम होता.

कर्मवीर भाऊराव पाटील तर ज्ञातीच्या वसतिगृहातूनच पुढे आले. कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहत असता ते अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेले, परतल्यावर स्नान करण्याचे त्यांनी नाकारले आणि त्यांस ते बोर्डिंग सोडावे लागले. ज्या ओट्याने आधार दिला त्याच ओट्याची उंची किती तोकडी असू शकते हे त्यांनी अनुभवले. पुढे 1919 साली कऱ्हाडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली, 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढले आणि सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसविली. मुलांच्या पोटासाठी सौ. लक्ष्मीबाईंनी आपले दागिनेच नव्हे, तर मंगळसूत्रही दिले. महात्मा गांधींनी 1927 साली त्या वसतिगृहास शाहू महाराजांचे नाव दिले. संस्थेने वटवृक्ष हे चिन्ह घेतले ते उगीच नव्हे. वडाची पारंबी जमिनीस टेकली की स्वतःच खोड होते.

1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि गावची शाळा त्यांच्याकडे गेली. आपल्यापैकी अनेकांनी तिच्याच ओसरीवर धुळाक्षरे गिरविली. मग आपण शहरात आलो, चार पैसे मिळाले, आणि मुले खाजगी शाळांत घातली. यात अपराध नाही. परंतु बोलणारे पालक निघून गेल्यावर शाळेची बाजू मांडणारे कोणी उरत नाही, ही गोष्ट नाकारता येणार नाही.

उलट उदाहरण आपल्याच तालुक्यात आहे. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडी ही लहानशी वस्ती. 2012 नंतरच्या दशकात तेथील ग्रामस्थ व शिक्षक यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेचा असा कायापालट केला की तिचे नाव राज्याबाहेर गेले. लोकांनी जमीन दिली, काचेच्या भिंतींचे वर्ग उभे राहिले आणि बाहेरगावचे पालक प्रवेशासाठी खेटे घालू लागले. जेथे गाव उभे राहते तेथे सरकारी शाळाही उभी राहते, हे यावरून सिद्ध होते. कायदाही अनुकूल आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने अशा शाळांस व्यवस्थापन समिती नेमावी लागते; तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. मात्र कागदावरच्या समितीने छप्पर गळावयाचे थांबत नाही. तेथे बसून प्रश्न विचारणारी माणसे हवीत.

म्हणून आमची नम्र सूचना अशी. शिष्यवृत्त्या चालू राहाव्यात. गरजू ज्ञातिबांधवांच्या मुलांचा तो हक्क आहे. परंतु निधीचा एक ठरलेला हिस्सा दरवर्षी आपल्या मूळ गावांतील शाळांस जावा: ग्रंथालय, प्रयोगाचे साहित्य, मुलींसाठी स्वच्छतागृह. देणगीदाराच्या नावाची पाटी नसली तरी चालेल. आणि ज्यांची मुले त्या शाळेत शिकतात त्यांनी समितीत जावे. निवृत्त शिक्षकांनी आठवड्यातून एक दिवस द्यावा. त्याचा लाभ शेजारच्या दुसऱ्या ज्ञातीच्या मुलास होईल, ही तक्रार आम्ही सभेत ऐकली. होय, होईल. इनामगावच्या पाटाचे पाणीही एकाच घराच्या शेतात गेले नसेल.

मंगल कार्यालयात एक दिवस सनई वाजते. शाळेची घंटा रोज वाजते, आणि ती ऐकून जी मुले धावत येतात त्यांच्या तोंडी आपली नावे राहोत वा न राहोत, त्यांस स्वतःचे नाव लिहिता येईल. पुढील सभेत मत देण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने एकदा आपल्या गावच्या शाळेत जाऊन यावे, इतकीच आमची विनंती आहे.